तानाजीची ढाल

सभासदाच्या बखरींतील सिंहगडाचा प्रसंग मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. 1670 च्या फेब्रुवारींत तानाजी मालुसरे व उदेभान यांची गांठ पडली. तानाजीची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाहीं, तेव्हां त्यानें डाव्या हाताचीच ढाल करून तीवर वार झेलले, असें कृष्णाजी अनंत सांगतो. हें वाक्य वीररसाचा अलंकार समजून पुढें जाण्याची चाल पडली आहे. आमचें मत निराळें आहे. हें साधें वस्तुवर्णन आहे. मात्र तें कळण्यास त्या काळीं ढाल कशी धरीत, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

आम्हां इंग्रजी शिकलेल्यांची ढालीची कल्पना बहुधा ग्रीक इतिहासावरून बनलेली असते. ग्रीक पायदळाचा शिपाई जड ढालीच्या पट्ट्यांत कोपरापर्यंत हात घाली. त्या ढालींची रांग म्हणजे एक भिंतच. मराठ्यांची ढाल भिंत नव्हे. संग्रहालयांत आपण तिचा दर्शनी भाग पाहून परततों. तिचें मर्म पाठीमागें असतें. ती वाटोळी, फुगीर, कातड्याची किंवा पोलादाची. पुढील चार फुलें केवळ शोभेचीं नव्हत; आंतल्या चार कड्या त्यांच्याच ठिकाणीं जडविलेल्या असतात. त्या कड्यांना दोन मुठी व मध्यें चौकोनी गादी. दोन्ही मुठी एकत्र आवळल्या कीं बोटांचीं पेरें गादीवर टेकतात, आणि सबंध ढाल मनगटाच्या हुकमांत येते. वार छातीशीं येण्यापूर्वींच पुढें होऊन तो घसरवून लावावयाचा, हा तिचा धर्म. वाटचालींत ती पट्ट्यानें पाठीवर टाकीत.

डोंगरी मुलखांत रांग धरून लढणें कठीण. तेथें हलकी, फिरती ढालच उपयोगी. प्राचीन लुसितानी, म्हणजे आजच्या पोर्तुगालकडील योद्धे, दोन फुटी ढाल पट्ट्यानें लटकावीत, असें स्ट्रेबो लिहितो. ती चपळतेनें फिरवून ते मारा चुकवीत, असें डायोडोरस सांगतो. आमच्या तालमींतील फरीगदग्याचें शिक्षणही हेंच. फरी म्हणजे कातड्याची लहान ढाल. डावा हात पायाच्या पवित्र्याबरोबर चालला पाहिजे, हा त्यांतला पहिला धडा.

आतां सभासदाचें वाक्य पुन्हा वाचावें. मुठींतली ढाल फुटली, तरी वर्षानुवर्षें घोटविलेली हाताची चाल तशीच राहते. वार येतांच तो हात पुढें जाणारच. फरक एवढाच कीं, आतां मध्यें कातडें नाहीं. लोककथेनें त्या हाताला शेला गुंडाळला. सभासद शेल्याचें नांवही काढीत नाहीं.

सभासदानें हें सुमारें पाव शतकानंतर जिंजीस लिहिलें, हा आक्षेप खरा आहे. परंतु तें राजारामाच्या पदरच्या, रोज ढाल धरणाऱ्या मंडळींपुढें जावयाचें होतें. तोफा-दुर्बिणींच्या गोष्टी सांगून आम्हांस फसवितां येईल. ढालीच्या बाबतींत त्या मंडळींस फसविणें सोपें नव्हतें.

बखरीच्या गद्यास अतिशयोक्त म्हणण्यापूर्वीं टीकाकारानें तींतील वस्तु ओळखाव्या, एवढेंच आमचें मागणें आहे. या वाक्यास अलंकार ठरविलें, तर सभासदाच्या पदरीं एक सामान्य कल्पना पडते, आणि तानाजीच्या हातावरील जखमा मात्र शब्दांत विरून जातात.