कवकविषांची संहिता आणि तिचा गृहीत शेतकरी

धान्यांतील कवकविषे टाळण्यासाठी व त्यांचे प्रमाण घटविण्यासाठी कोडेक्स आयोगाने २००३ साली एक आचारसंहिता स्वीकारली. पुढे तीत सुधारणाही झाल्या. पिकांची फेरपालट, अवर्षणाचा ताण टाळणे, वेळेवर कापणी, वाळवण, साठवण असा तिचा क्रम शास्त्रशुद्ध आहे. विषाचे संपूर्ण उच्चाटन आज साध्य नाही, ही कबुलीही ती देते. तथापि प्रत्येक उपदेशपर लेखनाप्रमाणे ह्या संहितेलाही एक गृहीत वाचक आहे. हा वाचक दाण्यांतील ओलावा मोजू शकतो, गरज पडल्यास पिकाला पाणी देऊ शकतो आणि त्याचे धान्य बाजारात जाते. ज्यांच्या घरी ह्या विषाने माणसे दगावली, ते ह्या वर्णनात बसत नाहीत.

१९७४ सालच्या उत्तरार्धात राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल ह्या जिल्ह्यांतील आदिवासी वस्त्यांत कावीळ व जलोदर यांची साथ उद्भवली. नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ मृत्यू पावले. कापणीच्या सुमारास अवेळी पाऊस झाला होता. ओला मका नीट न वाळविताच घरांत साठविला गेला आणि दुसरे अन्न नसल्यामुळे तोच खाल्ला गेला. त्या घरांतील कुत्रीही त्याच रोगाने मेली. मक्याच्या नमुन्यांत किलोमागे सुमारे ६ ते १५ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन आढळले. भारतात धान्यासाठी आज लागू असलेली मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे ते प्रमाण तिच्या चारशे ते हजारपट होते. पण ही मर्यादा त्या काळी असती, तरी तिचा उपयोग काय होता? तो मका कोणत्याही तपासनिसापुढे येणारच नव्हता.

दमट हवेत उन्हात वाळविल्यास बुरशी वाढू शकते, म्हणून यांत्रिक हवेचा झोत वापरावा, असे संहिता सांगते. पहिला भाग खरा आहे. दुसऱ्या भागाने मात्र ज्याच्यापाशी अंगण आणि ताडपत्री यांपलीकडे काही नाही, अशा शेतकऱ्याला संहितेबाहेर काढले जाते. (तपासणीनेही त्याचे फारसे भले होत नाही, भुईमुगात हजारांत एखादाच दाणा अतिशय विषारी असू शकतो, आणि नमुन्यात तो सापडणे पुष्कळसे योगायोगावर अवलंबून असते.)

येथे बाजरीच्या अरगटाचे उदाहरण बोधप्रद आहे. तत्कालीन मुंबई राज्यात १९५० नंतरच्या दशकात अरगटमिश्रित बाजरीने विषबाधा झाली होती. अरगटाची काळसर पेशीजाले डोळ्यांना दिसतात आणि दाण्याहून हलकी असल्याने मिठाच्या पाण्यावर तरंगतात. घरातल्या घरात करता येण्याजोगा हा उपाय आहे. अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत ही सोय अर्धीच उरते. बुरसटलेले, किडके, सुरकुतलेले दाणे निवडून काढल्यास विष बरेच घटते. परंतु वरून निर्दोष दिसणाऱ्या दाण्यातही ते असू शकते, आणि तव्यावरच्या उष्णतेने ते पुरते नष्ट होत नाही. तेव्हा निवडण्यापाखडण्याचे महत्त्व नाकारायचे नसले, तरी सगळा भार घरातील स्त्रीच्या सुपावर टाकून शासनाने मोकळे होणे रास्त नव्हे.

संहिता स्वीकारल्याच्या पुढच्याच वर्षी, २००४ साली, पूर्व केनियात हाच प्रसंग घडला: ३१७ रुग्ण, १२५ मृत्यू. तेथील पाहणीत घरच्या शेतातला आणि घरातच ओला साठविलेला मका ह्यांच्याशी आजाराचा संबंध दिसून आला. बाजारातले अनेक नमुनेही मर्यादेपलीकडे होते; पण मृत्यूचे मूळ घरच्या साठ्यात होते. तेथील शासनाने दूषित मका ताब्यात घेऊन बदली धान्य वाटले. ज्या कुटुंबाजवळ दुसरे पीक नाही, त्याला दूषित धान्य टाकून दे म्हणताना त्याच दिवशी दुसरे धान्य द्यावे लागते. संहितेचा भर मात्र अखेरपर्यंत उत्पादकाच्या दक्षतेवरच राहतो.