कलम न वाचता घेतलेली बाजू : कृषी कायद्यांच्या बातम्यांबद्दल

मंडळी, गेल्या वेळी कुणीतरी विचारलं होतं की माध्यमं पक्षपाती आहेत म्हणजे नेमकं काय करतात? खोटं छापतात का? तर बहुतेक वेळा नाही. म्हणून आज एकच उदाहरण घेऊ, 2020 चे तीन कृषी कायदे.

आधी शब्द बघा. एका गटातल्या वाहिन्यांनी पहिल्या दिवसापासून ‘कृषी सुधारणा’ म्हटलं, दुसऱ्या गटानं ‘काळे कायदे’. दोन्ही शब्द निकाल देऊन मोकळे होतात. मग आत काय आहे ते वाचायचं कशाला?

आत काय होतं? बाजार समितीच्या आवाराबाहेर होणाऱ्या खरेदीवर राज्याला सेस घेता येणार नव्हता. हमीभाव रद्द केल्याचं कुठंही लिहिलेलं नव्हतं. तरी विरोधी बाजूच्या कित्येक चर्चांमध्ये तो रद्द झाल्यासारखंच बोललं गेलं. खरी भीती वेगळी होती. बाहेर सेस नाही आणि आत आहे, तर आतला बाजार हळूहळू ओस पडेल, आणि पंजाबात सरकारी खरेदी त्या बाजारावरच उभी आहे. हे सांगायला पाच मिनिटं लागतात. तेवढी कोण देतो?

आणि वाद झाला तर शेतकऱ्यानं जायचं कुठं? प्रांताकडे. दिवाणी कोर्टाचं दार बंद. माझ्या मते तिन्ही कायद्यांमधली ही सगळ्यात गंभीर तरतूद. संध्याकाळच्या भांडणांत ती किती वेळा ऐकलीत, आठवून पाहा.

आता आपल्या घरचं. 14 सप्टेंबर 2020 ला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली. दुसऱ्याच दिवशी लोकसभेनं जीवनावश्यक वस्तू कायद्यातली दुरुस्ती मंजूर केली, म्हणजे साठ्यावरची बंधनं सैल. ऑक्टोबरमध्ये पुन्हा कांद्यावर मर्यादा, घाऊक व्यापाऱ्याला 25 टन, किरकोळवाल्याला 2. लासलगावचा शेतकरी हे तिन्ही एकत्र जगत होता. आपल्याकडे मात्र निर्यातबंदी ही नाशिकची बातमी आणि कायदा ही दिल्लीची. शिवाय महाराष्ट्रानं फळं-भाजीपाला 2016 मध्येच नियमनमुक्त केला होता. चार वर्षांचा अनुभव हाताशी होता! वाशीला, नारायणगावला जाऊन ‘काय फरक पडला हो?’ एवढं विचारलं असतं तरी दोन्ही बाजूंचे दावे तपासून झाले असते.

ते झालं नाही, कारण कॅमेरा माणसांकडे वळला. सिंघू, टिकरीवर बसलेले लोक खलिस्तानी आहेत का, यावर रात्री गेल्या. 26 जानेवारीला लाल किल्ल्यावर निशाण साहिब फडकला. काहींनी तो खलिस्तानचा झेंडा ठरवला, तिरंगा उतरवल्याचंही पसरलं. तिरंगा जागेवरच होता. त्या दिवशी हिंसाही झाली, पोलीस जखमी झाले, आणि ते सांगताना आंदोलनाच्या बाजूच्या मंडळींचा आवाज एकदम बारीक झाला, हेही नोंदवायला हवं.

शेवटी आकड्यांची एक गंमत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2021 मध्ये कायद्यांना स्थगिती देऊन समिती नेमली. त्यात आपले शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते. अहवाल त्यांनी मार्च 2022 मध्ये स्वतःच खुला केला, म्हणजे कायदे मागे घेतल्यावर. समिती 73 संघटनांशी बोलली, त्यातल्या 61 कायद्यांच्या बाजूनं. झालं, सुमारे 86 टक्के शेतकऱ्यांचा पाठिंबा अशी बातमी फिरली. आकडा खोटा नाही. पण दिल्लीच्या सीमेवर बसलेल्या संघटनांनी त्या समितीवर बहिष्कार टाकला होता. जे आलेच नाहीत त्यांची गणती कशात करायची? उलट बाजूनं काय केलं? अहवालाकडे ‘सरकारी समिती’ म्हणून पाठ फिरवली. त्या 61 संघटनांना कायदे का हवे होते, हे त्यांच्या वाचकांना कळलंच नाही.

घनवटांशी माझे मतभेद आहेत, पण तो अहवाल मी वाचलाय. तुमच्यापैकी किती जणांनी वाचलाय? हात वर करा... दोन. बरं, प्रश्न घेऊ.