तात्पर्य बाजूला ठेवून खांडेकर वाचताना

माझ्या पिढीला वि. स. खांडेकर भेटतात ते व्हॉट्सअ‍ॅपवर. मावळत्या सूर्याचा फोटो, त्यावर एक वाक्य आणि खाली त्यांचं नाव. ते वाक्य त्यांचंच असेल याची खात्री नसते, पण त्यांच्या नावावर सहज खपतं. कारण सुविचाराकडे वळायची सवय त्यांच्या लेखणीला होतीच. ‘वायुलहरी’, ‘चांदण्यात’, ‘सायंकाल’ या संग्रहांतल्या लघुनिबंधांत ते एखादी साधी गोष्ट उचलतात, तिच्याशी मनमोकळ्या गप्पा मारतात आणि निरोप देताना तिच्या हातात जीवनाचा अर्थ ठेवतात.

मणक्याच्या टीबीमुळे साताऱ्याच्या घरी दीड वर्ष काढलं, तेव्हा हे तात्पर्य मला नकोसं झालं. भेटायला येणारे विचारायचे, “आजारानं काय शिकवलं रे?” काहीच नाही. गोळ्यांच्या वेळा पाठ झाल्या आणि छताला तडे किती ते कळलं, एवढंच. बंद पडलेली डायरी पुन्हा सुरू केली तर प्रत्येक नोंद धड्याकडे घसरायची आणि धडा आला की नोंद खोटी वाटायची. अशा दिवसांत खांडेकरांचं आत्मचरित्र ‘एका पानाची कहाणी’ वाचलं.

१८९८ साली सांगलीत जन्मलेल्या या लेखकाची दृष्टी पहिल्यापासून अधू होती. अखेरच्या वर्षांत ती पूर्ण गेली. ‘ययाति’ला १९७४ सालचा ज्ञानपीठ मिळाला, तेव्हा ते स्वतःचं पुस्तकही वाचू शकत नव्हते. काही लिहायचं तर ते दुसऱ्याला सांगून उतरवून घ्यावं लागे. २ सप्टेंबर १९७६ रोजी मिरजेत त्यांचं निधन झालं. आत्मचरित्र पुस्तकरूपात आलं ते त्यानंतर.

‘ययाति’कडे आपण भोगलालसेची कादंबरी म्हणून पाहतो. अंथरुणावर ती मला वेगळी दिसली: क्षणात शरीर हातातून गेलेल्या माणसाची गोष्ट. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघंही ‘मी’ म्हणून बोलतात आणि एकाचं खरं दुसऱ्याच्या खऱ्याशी जुळत नाही. हीच कादंबरीची ताकद. तरीही जरेचा शाप शेवटी बोधाच्या कामी येतो. आजाराला काहीतरी शिकवावंच लागतं!

आत्मचरित्रात मात्र ही पकड सैल होते. वडिलांचं आजारपण आणि त्यांचा लवकर झालेला मृत्यू, सांगलीचं नाटकवेड, मग दत्तक जाणं. गणेश आत्माराम खांडेकर हा मुलगा विष्णू सखाराम झाला. ज्याचं नावच बदललं, त्यानं ‘मी’ हा शब्द कुठल्या भरवशावर लिहायचा? यावर एका ओळीचा सुविचार पुरणार नाही. खांडेकर अधूनमधून चिंतनात शिरतात, उपमाही सुटत नाहीत. पण आठवण त्यांच्यापुढे चालते. पुस्तकाचं नावही बोलकं आहे. पान झाडाचं आणि पान वहीचंही. दोन्ही अर्थ घेतले तरी एकच पान. अख्ख्या झाडाच्या किंवा अख्ख्या ग्रंथाच्या वतीनं ते बोलत नाही.

म्हणून मला त्यांच्या निबंधांतल्या ‘मी’पेक्षा हा ‘मी’ जवळचा वाटतो. निबंधातला ‘मी’ वाचकाला काहीतरी देऊनच उठतो. आत्मचरित्रातला ‘मी’ आधी स्वतःला काय आठवतं ते चाचपतो. आजारपणानंतर लिहू पाहणाऱ्यानं त्यांच्याकडून घ्यावं ते हे चाचपणं. हे झालं, मग ते झालं, आणि अमुक का झालं ते अजून कळलेलं नाही, एवढं म्हणायची मुभा.

मला अजून फार वेळ बसवत नाही, म्हणून मी फोनला सांगून लिहितो. व्हॉइस टायपिंग पूर्णविराम देत नाही; वाक्य कुठे संपलं ते नंतर मलाच ठरवावं लागतं. सध्या त्याची घाई करत नाही.