सोन्याची कुऱ्हाड आणि झाडी

आपल्या भूमीस लाडकें नांव ठेवण्याची हौस मनुष्यास फार जुनी आहे. वारकरी पंढरपुरास माहेर म्हणतो. त्या एका शब्दांत त्याचें सारें मन येतें. परंतु देशाचीं सर्वच लाडकीं नांवें प्रेमांतून निघत नाहींत. कांहीं बाजारांतून येतात. नांव गोड लागलें म्हणजे त्यांत कोणाचें कौतुक आहे हें आपण विचारीत नाहीं. विदर्भापुरता तो विचार येथें करावा, असा आमचा मानस आहे.

'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आमच्याकडे घरोघर ठाऊक आहे. कुऱ्हाड येथें यमकानें आणली हें उघड आहे. सोनें म्हणजे काळी जमीन व तींतील कापूस. या सोन्यावर अनेकांची दृष्टि होती. सैन्याच्या खर्चाच्या थकबाकीपोटीं १८५३ सालीं हा प्रांत निजामाकडून कंपनी सरकारच्या ताब्यांत गेला. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेंत यादवी माजून तिकडचा कापूस अडला, तेव्हां येथील कापसास एकाएकीं भाव चढला. १८६७ सालीं रेल्वे नागपुरास पोहोंचली. १८७७ सालीं तेथें जमशेटजी टाटांची एम्प्रेस गिरणी सुरू झाली. सोनें गांवांतून निघालें खरें. गांवांत राहिलें किती? २००६ सालीं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें पंतप्रधानांस विदर्भांतील सहा जिल्ह्यांकरितां खास मदत जाहीर करावी लागली. त्यांत अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ व वाशीम हे वऱ्हाडचे पांचही जिल्हे होते. सोन्याच्या कुऱ्हाडीची किंमत मोठी, पण तिनें लांकूड तुटत नाहीं!

वऱ्हाडाबाहेरच्या नागपुरास 'संत्रानगरी' म्हणतात. नांव गोड आहे. पण संत्र्याच्या पुष्कळशा बागा वरुड-मोर्शीकडे, म्हणजे अमरावती जिल्ह्यांत आहेत. नांव पेठेचें झालें, घाम शेजाऱ्याचा.

याउलट पूर्वेकडील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या मुलुखाचें 'झाडी' हें नांव पाहावें. त्यांत सोनें नाहीं, गोडवाही नाहीं. शहरवासीयांच्या तोंडीं तर त्यास हेटाळणीचाच वास येई. परंतु तेथल्या लोकांनीं तोच शब्द अभिमानानें आपल्या बोलीस व रंगभूमीस लाविला. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनीं झाडीबोलीच्या अभ्यासास आयुष्य वाहिलें. भाताचें पीक घरांत आलें कीं गांवोगांव मांडव पडतात, दिवसा शंकरपट व रात्रीं नाटक होतें. वडसा हें त्या नाटकमंडळ्यांचें माहेरघर होय.

कोणी म्हणेल, शब्दांत काय आहे? आमच्या मतें पुष्कळ आहे. सोन्याचें नांव मिरविणाऱ्या प्रांताचें रडणें इतरांस लवकर खरें वाटत नाहीं. ज्या नांवांत पीक दिसतें पण पिकविणारा दिसत नाहीं, तें कौतुकाचें असेल, प्रेमाचें नव्हे. म्हण टाकून द्यावी असें आम्ही म्हणत नाहीं. मुलांस ती शिकवितांना सोनें कोणाच्या घरीं गेलें हेंही सांगावें, एवढेंच.