‘सिंगलटन’ : संख्या आणि संचार

गॅमा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडीस यांच्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ (१९९४) या ग्रंथातील सिंगलटनच्या व्याख्येत दोन विधाने एकवटली आहेत : क्लासचे ऑब्जेक्ट एकच असावे, आणि ते कोठूनही उपलब्ध व्हावे. पहिले संख्येविषयी, दुसरे संचाराविषयी. एकाच संज्ञेत बांधली गेल्याने ‘एकच’ म्हणताना ‘सर्वांचे’ हा अर्थही नकळत स्वीकारला जातो.

डेटाबेसच्या बाबतीत हा अर्थसंकर केवळ शाब्दिक राहत नाही. समजा, नांदेड व लातूर येथील दोन विद्यार्थी एकाच वेळी परीक्षा-अर्ज भरीत आहेत आणि सर्व्हरवर दोघांसाठी एकच कनेक्शन आहे. नांदेडच्या अर्जाचे शुल्क नोंदले गेले, विषय नोंदावयाचे आहेत. इतक्यात लातूरचा व्यवहार ‘कमिट’ झाला. त्यासरशी नांदेडची अर्धी नोंदही कायम होते; पुढे ती ‘रोलबॅक’ने मागे घेता येत नाही.

पीएचपीच्या रूढ पद्धतीत प्रत्येक विनंतीला ऑब्जेक्ट नव्याने निर्माण होते, म्हणून ही आपत्ती टळते. अर्थात ‘एकच’ हे विशेषण कक्षेवाचून अपुरे आहे : एका विनंतीत, एका प्रोसेसमध्ये, की सर्व सर्व्हरांत?

कनेक्शनांचा ‘पूल’ हाच येथे योग्य उपाय होय. आड एक असला तरी पोहरा ज्याचा त्याचा. पूलही बाहेरून हाती द्यावा, म्हणजे अवलंबन उघड राहते व चाचणीत निराळा डेटाबेस जोडता येतो.

गॅमा यांनीच २००९ मध्ये सिंगलटन वगळण्याचा पक्ष घेतला. वस्तुतः त्याज्य आहे तो अनिर्बंध संचार. एकत्वाची गरज मात्र उरतेच.