निळ्या खोलीतलं ऊन

डेन्मार्कचा जटलंड द्वीपकल्प उत्तरेकडे निमुळता होत जातो आणि शेवटी नुसतं वाळूचं टोक उरतं. त्याच्या एका अंगाला स्कागेराक, दुसऱ्या अंगाला कॅटेगाट. दोन समुद्रांच्या लाटा इथे समोरासमोर येतात आणि एकमेकींवर फुटतात. या टोकाच्या अलीकडे स्कागेन हे कोळ्यांचं गाव आहे. इथली वाळू इतकी सरकती, की गावाचं जुनं चर्च तिच्यात बुडत गेलं आणि 1795 मध्ये ते कायमचं बंद करावं लागलं. आज त्याचा फक्त पांढरा मनोरा उभा आहे. 1890 पर्यंत गावात आगगाडी नव्हती. 1907 पर्यंत बंदरही नव्हतं, होड्या अंगाच्या जोरावर वाळूत ओढून घ्यायच्या. अशा आडगावात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत दर उन्हाळ्यात चित्रकार जमू लागले. समुद्र, कोळी, आणि रात्री उशिरापर्यंत न विझणारा निळसर उजेड, यांच्यासाठी ते येत.

त्यांनी समुद्र रंगवला आणि फार सुंदर रंगवला. मिकाएल आंकर 1874 मध्ये पहिल्यांदा आला. काठावर दाटीनं उभे राहून खवळलेल्या पाण्याकडे डोळे लावलेले त्याचे दणकट कोळी पाहिले, की समुद्र चित्रात नसतानाही कानात घुमतो. पी. एस. क्रोयर आठ वर्षांनी आला. त्याचं 1893 मधलं दक्षिण किनाऱ्यावरच्या संध्याकाळचं चित्र म्हणजे या गावाची ओळखच होऊन बसलं आहे. पाणी, आकाश आणि वाळू तिन्ही एका निळ्यात विरघळलेली, आणि फिकट पोशाखातल्या दोन स्त्रिया आपल्याकडे पाठ करून किनाऱ्यानं लांब चाललेल्या. त्यांतली एक क्रोयरची बायको मारी. दुसरी आना आंकर, मिकाएलची बायको. चित्रापुढे उभ्या राहिलेल्या किती जणांना ठाऊक असतं, की ही पाठमोरी बाई स्वतः चित्रकार होती? माझ्या मते तर ती त्या साऱ्या मंडळातली सर्वांत पुढचं पाहणारी चित्रकार होती.

आनाचं माहेर ब्रोंडुम. चित्रकार ज्या खाणावळीत उतरत, जेवत, रात्री उशिरापर्यंत वाद घालत, ती तिच्या आईवडिलांची. मंडळातल्या नामवंतांपैकी स्कागेनमध्येच जन्मलेली अशी ती एकटी. जन्म 1859 चा. बाकीचे सगळे पाहुणे, ही घरची. कोपनहेगनच्या राजेशाही अकादमीत तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता, तो 1888 मध्ये सुरू झाला. म्हणून आना विल्हेल्म क्यून यांच्या मुलींसाठीच्या चित्रशाळेत शिकली. 1880 मध्ये तिचं लग्न झालं, तेव्हा या गुरूंनी तिला रंगपेटी समुद्रात सोडून द्यायचा सल्ला दिला, असं सांगतात. 1883 मध्ये मुलगी झाली, हेल्गा. रंगपेटी कुठेही गेली नाही.

हेल्गा आठ वर्षांची असताना, 1891 मध्ये, आनानं ‘निळ्या खोलीतलं ऊन’ रंगवलं. चित्र मोठं नाही, उंची जेमतेम 65 सेंटिमीटर. खोली हेल्गाच्या आजीची, त्या खाणावळीतलीच. भिंती निळ्या. मुलगी खुर्चीवर बसून क्रोशाचं विणकाम करते आहे, आपल्याकडे जवळजवळ पाठ करून. तिच्या अंगावरही निळाच रंग. खिडकीतून ऊन आत आलंय आणि समोरच्या भिंतीवर त्याचा कवडसा पडलाय, खिडकीच्या चौकटीच्या रेघांसकट आणि तिथल्या झाडांच्या सावल्यांसकट. चित्रात घडतं ते एवढंच.

आता रंग पाहू. निळ्या खोलीत निळ्या कपड्यांतली मुलगी रंगवणं हा धोक्याचा खेळ आहे. मुलगी भिंतीत हरवून जायची. तिला वाचवतात तिचे केस. उन्हानं ते सोनेरी पेटले आहेत, आणि भिंतीवरच्या कवडशाचा रंग त्यांच्याच नात्यातला आहे. म्हणजे एकच ऊन दोन जागी उतरलंय, एकदा भिंतीवर आणि एकदा मुलीच्या डोक्यावर. डोळा या दोन जागांमध्ये ये-जा करत राहतो. जमिनीचा तांबूस रंग या निळ्याला खालून ऊब देतो, त्यामुळे एवढं निळं असूनही खोली थंड वाटत नाही. सावल्यांकडेही नीट पाहावं. कवडशातल्या झाडांची सावली काळी नाही. ती भिंतीचाच निळा रंग आहे, ऊन जिथे पोचलं नाही तिथे जसाच्या तसा राहिलेला. आनानं सावली वरून चढवली नाही, ऊन चढवलं. ते मनात धरून चित्राकडे पुन्हा पाहिलं, की भिंतीवरचा तो उजेड रंगाचा थर वाटू लागतो, जवळजवळ हात लावता येईल असा.

खिडकी चित्रात आहे, पण तिच्यापलीकडचं काहीच आपल्याला दिसत नाही. गाव समुद्राचं, घर समुद्राजवळचं, आणि चित्रात समुद्राचा एक थेंब नाही. तरी हे चित्र स्कागेनचंच आहे, दुसऱ्या कुठल्या गावाचं होऊ शकत नाही, असं मला ठामपणे वाटतं. पाहुण्यांना जो उजेड बघायला किनाऱ्यावर जावं लागे, तो आनाला घरात भेटत होता. तो तिच्या लेखी सोहळा नव्हता. रोज ठरल्या वेळी येऊन बसणारं घरातलं माणूस असावं, तसा तो तिच्या चित्रांत येतो. त्याच्यासाठी कोणी हातातलं काम थांबवत नाही. हेल्गा मान वर करून कवडशाकडे बघतसुद्धा नाही.

मुलीचा चेहरा आपल्याला मिळत नाही, याचंही मोल मोठं आहे. त्या काळच्या घरगुती चित्रांत गोष्ट असे: पत्र आलेलं असे, कोणी आजारी असे, कोणी निघालेलं असे, आणि चेहरे ते सांगत. इथे चेहरा दिला असता तर आपण लगेच विचारलं असतं, मुलगी आनंदी आहे का, कंटाळली आहे का. आनानं तो प्रश्नच मिटवला. मग उरतं काय, तर वेळ. तोही दोन मापांनी मोजलेला. मुलीच्या हातातलं विणकाम टाक्याटाक्यानं वाढतंय आणि भिंतीवरचा कवडसा बोटाबोटानं सरकतोय. आठ वर्षांच्या मुलीनं एवढं स्थिर बसणं आणि उन्हानं तेवढा वेळ टिकणं, दोन्ही अवघडच. आईनं दोन्ही पकडलं.

हे एकाएकी जमलेलं नव्हे. 1883 ते 1886 या काळातलं तिचं स्वयंपाकघरातल्या मोलकरणीचं चित्र कोपनहेगनच्या हिर्शस्प्रुंग संग्रहात आहे. तिथेही बाई पाठमोरी, कामात गढलेली, आणि खिडकीवर पिवळा पडदा. ऊन पडद्यातून गाळून आत येतं आणि खोलीभर पसरतं. तिथे उजेड बाईला वेढून आहे, तिला मोठेपण देतो. निळ्या खोलीत तो मुलीपासून सुटा झालाय, भिंतीवर त्यानं स्वतःची जागा केली आहे. मधल्या काळात आना पॅरिसला जाऊन आली होती, 1888-89 च्या हिवाळ्यात. तिथून ती काय घेऊन आली याची चर्चा अभ्यासक करतात, ते योग्यच आहे. पण भिंतीकडे असं पाहायला तिला पॅरिसनं शिकवलं, हे मला पटत नाही. मोलकरणीचं चित्र आधीचं आहे.

ही वाट पुढे कुठे जाते ते पाहायचं तर 1913 नंतरचं एक चित्र आहे. स्कागेनच्या मार्कवाय रस्त्यावरच्या आंकरांच्या घरातला स्टुडिओ, संध्याकाळचं ऊन. माणूस नाही, विणकाम नाही. एक भिंत आणि तिच्यावर पडलेले उन्हाचे तुकडे, एवढंच. भिंत कुठे संपते आणि रंग कुठे सुरू होतो हे सांगणं कठीण व्हावं, इतका धीट रंगलेप. तिला कोणी अमूर्त चित्रकार म्हटलं नाही, तिनंही स्वतःला म्हणवून घेतलं नाही. पण त्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर क्रोयरची ती देखणी संध्याकाळ मागच्या शतकात राहिलेली दिसते, आणि तिच्यातून किनाऱ्यानं लांब चाललेली ती पाठमोरी बाई खूप पुढे निघून गेलेली दिसते.

निळी खोली आज स्कागेनच्या संग्रहालयात आहे. 1908 मध्ये हे संग्रहालय स्थापन झालं, तेही ब्रोंडुमांच्या जेवणघरात. पुढे ते जेवणघरच, त्याच्या लाकडी भिंतींसह आणि चित्रकारांनी एकमेकांच्या काढलेल्या चेहऱ्यांसह, उचलून संग्रहालयात आणून बसवलं गेलं. जाणं झालं तर आधी ते जेवणघर पाहावं, मग क्रोयरचा किनारा, आणि निळ्या खोलीसाठी हाताशी भरपूर वेळ ठेवावा.