तोकव्हीलचा नियम आणि ‘मतदार’ शब्दाची विशेषणे

अलेक्सी द तोकव्हील हा फ्रेंच विचारवंत १८३१-३२ मध्ये अमेरिकेत हिंडला. त्याच्या ‘अमेरिकेतील लोकशाही’ ह्या ग्रंथाचा पहिला खंड १८३५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मताधिकाराविषयी एक नियम मांडलेला आहे. मतदाराच्या पात्रतेची अट एकदा शिथिल केली, की ती पुनःपुन्हा शिथिल करावी लागते. प्रत्येक सवलतीबरोबर लोकशाहीचे बळ वाढते, बळाबरोबर मागण्या वाढतात, आणि मताधिकार सार्वत्रिक झाल्यावाचून ही गती थांबत नाही. ‘मताधिकाराचा विस्तार’ हा रूढ शब्दप्रयोगही हीच कल्पना गृहीत धरतो. परंतु अमेरिकेतील घटक राज्यांच्या कायद्यांची भाषा तिला कितपत दुजोरा देते, हे तपासणे अगत्याचे आहे.

न्यू जर्सीच्या १७७६ च्या संविधानाने पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या सज्ञान ‘रहिवाशांना’ मताधिकार दिला. ह्या नामाला लिंगाचे वा वर्णाचे विशेषण नव्हते. १७९० च्या निवडणूक कायद्यात तर मतदारासाठी ‘तो किंवा ती’ अशी सर्वनामे आली. मालमत्ता बाळगणाऱ्या अविवाहित स्त्रिया, विधवा आणि मुक्त कृष्णवर्णीय तेथे मतदान करीत. १८०७ च्या कायद्याने करदात्यास पन्नास पौंडांचा धनी मानून मालमत्तेची अट जवळजवळ निकालात काढली. पण त्याच कायद्याने मतदार ‘मुक्त, श्वेतवर्णीय, पुरुष नागरिक’ ठरविला. न्यूयॉर्कने १८२१ मध्ये श्वेतवर्णीय पुरुषांपुरती स्थावर मिळकतीची अट काढली. कृष्णवर्णीयांसाठी मात्र २५० डॉलरच्या मिळकतीची अट घातली. पेनसिल्व्हेनियाच्या १७९० च्या संविधानातील ‘मुक्त पुरुष’ ह्या शब्दामागे १८३८ मध्ये ‘श्वेतवर्णीय’ हे विशेषण जोडले गेले.

ह्या उदाहरणांत अधिकार देणे आणि काढून घेणे ह्या दोन स्वतंत्र घटना नाहीत. पहिल्या दोहोंत तर त्या एकाच विधानात घडल्या. मालमत्तेची मर्यादा दूर होताच ‘लोक’ कोण, हे नव्याने सांगणे भाग पडले आणि ते काम विशेषणांनी केले. अर्थात हे सर्वत्र घडले असे नाही. मॅसॅच्युसेट्सने १८२१ मध्ये मालमत्तेची अट काढताना वर्णाची अट घातली नाही. उलट व्हर्जिनियात वर्णाची अट पूर्वापार होती. तोकव्हीलचा नियम श्वेतवर्णीय पुरुषांच्या बाबतीत बव्हंशी खरा ठरला, हेही मान्य केले पाहिजे.

तरीही त्याच्या विवेचनातील उणीव गंभीर आहे. पेनसिल्व्हेनियात कायद्याने अधिकार असूनही कृष्णवर्णीय मतदानास येण्यास धजत नाहीत, ही गोष्ट त्याने स्वतःच नोंदविली. पण ती तळटीपेत राहिली. नियमाच्या मांडणीला तिचा स्पर्श झाला नाही. न्यू जर्सी व न्यूयॉर्क येथील फेरबदल तर ग्रंथलेखनापूर्वीचेच होते.

जोडलेली विशेषणे काढण्यास पुढे दीर्घ काळ लागला. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने संघीय संविधानात ‘पुरुष’ हा शब्द प्रथमच आणला. वर्णाची अट १८७० मध्ये आणि लिंगाची १९२० मध्ये घटनाबाह्य ठरली, आणि त्यानंतरही दक्षिणेतील राज्यांत कृष्णवर्णीयांचे मत अनेक वर्षे कागदावरच राहिले. म्हणून ‘विस्तार’ हा शब्द वापरणाऱ्या अभ्यासकाने कायद्यातील नामाइतकेच त्याच्या विशेषणांकडेही लक्ष दिले पाहिजे. कोणाला मत मिळाले, एवढ्याने इतिहास पुरा होत नाही. त्याच वाक्यात ते कोणाचे गेले, हेही सांगावे लागते.